कार्पेटवरचा कोकमाचा डाग धुतला की जातो आणि चौथ्या दिवशी परत वर येतो

गोव्यात हॉलमध्ये कार्पेट घालणं हा काही शहाणपणा नव्हे हे मला ठाऊक आहे, तेव्हा तो सल्ला मिळालाच आहे असं समजा. आमच्याकडे ते असंच आलंय. नणंदेच्या यजमानांची दिल्लीहून बदली झाली, नव्या फ्लॅटात ते मावेना, म्हणून फोंड्याला आमच्या गळ्यात पडलं. पाच बाय सात फूट, बिस्किटासारखा रंग, कडेला तपकिरी वेलबुट्टी. जूनमध्ये पाऊस लागला की आम्ही ते गुंडाळून माळ्यावर टाकतो आणि चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, दोन दिवस आधी खाली काढतो कारण सासूबाईंना पाहुण्यांसमोर ते हवं असतं. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात दमट दिवसांत, घरात सगळ्यात जास्त सरबतं फिरत असताना, हे जमिनीवर पसरलेलं. पुढचं तुम्हाला कळलंच असेल.

पंचमीच्या दिवशी पुतण्याने मी नेतो मी नेतो करत ट्रे उचलला आणि दोन ग्लास कोकम सरबत आडवं. मी लगेच टिपलं, भांडी घासायच्या लिक्विडचा फेस करून पुसलं, दोन तासांत इतकं स्वच्छ की सासूबाई म्हणाल्या, "बघ, उगाच ओरडलीस पोराला." चौथ्या दिवशी सकाळी केर काढताना बघते तर त्याच जागी जांभळट गुलाबी चट्टा, वाटीच्या तळाएवढा. परत धुतला, परत गेला, चार दिवसांनी परत हजर. असं मी तीनदा केलं आणि चौथ्यांदा बाहेरून माणूस बोलावला, त्याने मशीनने भरपूर फेस करून शॅम्पू मारला, आठशे रुपये घेतले, कार्पेट नव्यासारखं दिसायला लागलं, आणि आठव्या दिवशी डाग आलाच, वर आता तो नुसता गुलाबी नव्हता, मळकट काळपट पण होता. त्याला फोन केला तर म्हणे मॅडम हा नवीन डाग आहे, तुमच्याकडे परत काहीतरी सांडलं असणार. मी काय बोलणार, फोन ठेवला.

मग एका दुपारी वैतागून ते सगळंच उलटं केलं. आधीच करायला हवं होतं. वर वाटीच्या तळाएवढा असलेला डाग खालच्या बाजूला चांगला जेवायच्या ताटाएवढा होता, गडद, आणि हात लावला तर अजून दमट. म्हणजे मी महिनाभर धूत होते ती नुसती वरची लव होती, सरबत सगळं खाली तागाच्या जाळीत जाऊन बसलेलं.

हे होतं कसं ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. कार्पेटवर काही सांडलं की ते लवेतून सरळ खाली उतरतं आणि तळाशी जाऊन आडवं पसरतं. आपण वरून पुसतो, वरचं स्वच्छ दिसतं. पण पुसताना घातलेलं पाणीही खाली गेलेलं असतं आणि ते तळातल्या रंगात मिसळतं. आता वाळायला लागलं की वरच्या बाजूने वाफ होऊन पाणी उडतं, त्याच्या जागी खालचं पाणी धाग्याधाग्यातून वर चढतं, समईच्या वातीत तेल चढतं ना अगदी तसंच. पाणी उडून जातं, रंग उडत नाही, तो टोकाला जमून बसतो. म्हणून ओलं असताना डाग नसतो आणि वाळल्यावर दिसतो. जास्त पाणी ओतून जास्त जोर लावून धुतलं तर वर चढायला जास्त पाणी मिळतं, डाग आणखी जोरात येतो. आणि आपल्या हवेत चवथीच्या दिवसांत जाड कार्पेट वाळायला चार चार दिवस लागतात, तेवढा सगळा वेळ ही वात चालू असते.

कुठल्या धाग्याचं कार्पेट आहे त्यावरही खूप अवलंबून असतं. आमचं कुठलं ते कोणालाच माहीत नव्हतं, दिल्लीचं एवढंच उत्तर. मागच्या कोपऱ्यातून एक धागा कापून पाण्याच्या ग्लासात टाकला, पाण्यात आधी लिक्विडचा एक थेंब घालून, नाहीतर बुडबुडे चिकटून कुठलाही धागा तरंगेल. बोटाने खाली दाबला तरी वर आला. पाण्यावर तरंगणारा म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, नायलॉन आणि पॉलिस्टर दोन्ही बुडतात. लोकर ओळखायची तर धागा चिमट्यात धरून सिंकवर जाळायचा, केस जळल्याचा वास आला आणि बोटांत चुरडली जाणारी राख झाली तर लोकर, वितळून कडक मणी झाला तर सिंथेटिक. पॉलिप्रॉपिलीन स्वतः पाणी किंवा रंग पीत नाही त्यामुळे डाग धाग्यात शिरत नाही हे चांगलं, पण धागा पाणी पीत नाही म्हणून ते सगळं धाग्यांच्या मधून मोकळं खालीवर करतं. डाग परत परत येण्याच्या तक्रारीत हीच जात पुढे.

परत येणाऱ्या प्रत्येक डागाचं कारण हेच असतं असंही नाही. आमच्याकडे तर एकाच जागी तिन्ही चारी कारणं होती. ओळखायची साधी रीत म्हणजे पांढरा सुती कपडा ओला करून घट्ट पिळायचा, डागावर ठेवायचा, वर जड काहीतरी आणि दहा मिनिटं विसरायचं. कपड्यावर पेयाचा रंग उतरला तर तळात अजून रंग आहे. रंग उतरत नाही पण ती जागा ओली करून चोळली की फेस येतो, तर साबण राहिलाय. राहिलेला साबण चिकट असतो, पायाची धूळ धरून ठेवतो, आणि मग आपल्याला वाटतं डाग परत आला, खरं तर तो नुसता मळ असतो. तो शॅम्पूवाला आमच्याकडे हेच करून गेला होता. तिसरं म्हणजे पिवळट तपकिरी, चहाच्या पाण्यासारखी कडा दिसली तर ती पेयाची नसेलही, ताग फार ओला होऊन फार वेळ ओला राहिला तर त्याचा स्वतःचा तपकिरी रंग सुटून वर येतो. आणि चौथी खूण मला शोधावी लागली नाही, मुंग्यांनीच दाखवली. डाग पूर्ण गेलाय असं मी समजत होते तेव्हा सोफ्याच्या पायाकडून एक बारीक रांग त्याच जागी जात होती. साखर खालीच होती. मुंग्या येतात तोपर्यंत काम झालेलं नाही एवढं धरून चाला.

आता कोकमाचं विशेष. पहिल्या आठवड्यात मी एक घोळ केला तो सांगते, म्हणजे तुम्ही करणार नाही. सगळीकडे सांगतात बेकिंग सोडा टाका, मी टाकला. गुलाबी डाग डोळ्यांदेखत आधी जांभळा, मग निळसर राखाडी झाला, शाई सांडल्यासारखा. मला वाटलं कार्पेटच गेलं. नंतर ओट्यावर एका ग्लासात थोडं आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, पाण्यात मिसळून चिमूटभर सोडा टाकून बघितलं तर अगदी तसंच, लाल पाणी घाणेरडं निळं, आणि त्यात व्हिनेगर ओतलं की परत लाल. कोकमाचा रंग अँथोसायनिन जातीचा आहे, जांभळाचा, रेड वाइनचा आणि जास्वंदीचाही त्याच घराण्यातला, आंबटात लाल आणि खारात निळा हिरवा. कपडे धुवायची पावडर, धुण्याचा सोडा, बेकिंग सोडा, साबणाची वडी, सगळं खारातलं. म्हणून भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, कुठल्याही डागावर आधी आंबट. रंग परत लाल झाला की घाबरू नका, म्हणजे तो ओळखू येतोय आणि पाण्यात सुटायला तयार आहे.

पण व्हिनेगर कुठलं ते बघा हां. आमच्या घरात व्हिनेगर म्हणजे माडाचं गावठी, ते मटणात घाला, कार्पेटवर नको, त्याला स्वतःचा रंग आहे आणि वास असा की दोन दिवस हॉलमध्ये विंदालू शिजतंय असं वाटतं. दुकानात पांढरं पाण्यासारखं मिळतं ते घ्यायचं, एक वाटी व्हिनेगरला दोन वाट्या पाणी. नसेल तर सायट्रिक अ‍ॅसिड अर्धा चमचा एका ग्लास पाण्यात. लिंबू पिळू नका, त्यात साखर आणि चोथा दोन्ही असतं.

शेवटी मी जे केलं आणि ज्याने डाग गेला ते असं. कार्पेट मोकळं होतं, चिकटवलेलं नव्हतं, हा मोठा फायदा. गॅलरीत दोन जुने टॉवेल घड्या घालून ठेवले, त्यावर डागाची जागा तोंड खाली करून पसरली, म्हणजे लव टॉवेलला आणि ताग वर. मग मागच्या बाजूने व्हिनेगरचं पाणी एक वाटी हळूहळू ओतलं, पाच मिनिटं थांबले, आणि वर उभी राहिले. खरंच उभी राहिले, दोन्ही पायांनी, अंगाच्या वजनाने पाणी टॉवेलात जातं. पहिला टॉवेल उचलला तर गुलाबी, चांगला रंगपंचमीसारखा. महिनाभर पाच वेळा धुतलेल्या जागेतून एवढा रंग! दुसरा टॉवेल ठेवला, परत एक वाटी, परत उभी. चौथ्या टॉवेलाला रंग जवळजवळ थांबला. मग लिक्विडचं पाणी, अर्ध्या लिटरला अर्धा चमचा, त्याहून जास्त अजिबात नको, एकदाच, आणि त्यानंतर नुसतं साधं पाणी तीन वेळा, शेवटच्या पाण्याला फेस दिसेना तोपर्यंत. ओला कोरडा दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम असेल तर टॉवेलपेक्षा पुष्कळ बरं, आमच्याकडे नव्हता. पाणी एकदम बादलीने ओतायचं नाही. एक वाटी आत, एक वाटी बाहेर, तेवढाच हिशोब.

घासायचं तर नाहीच. ब्रश घेऊन घासलं की लव पिंजली जाते, मग डाग गेला तरी ती जागा उजेडात वेगळीच दिसते, माझ्याकडे अजून दिसते, पहिल्या दिवशीच्या माझ्या जोराची आठवण म्हणून. टिपताना कडेकडून मध्याकडे यायचं.

आणि वाळवणं! याच्यावर मी जास्त बोलणार आहे कारण बाकी सगळं नीट करून इथेच आपण मार खातो. पाणी ज्या बाजूने उडतं त्या बाजूला रंग जातो, हे कळल्यावर मला एकदम सुचलं की मग उडू दे की मागच्या बाजूने. कार्पेट उलटंच ठेवलं, ताग वर, लव खाली कोरड्या पांढऱ्या चादरीच्या तीनचार घड्यांवर, आणि टेबल फॅन मागच्या बाजूवर रोखून. जो काही उरलासुरला रंग असेल तो तागाकडे येऊ दे, तिकडे कोण बघतंय. दोन दिवसांनी तागावर फिकट जांभळी कडा दिसली आणि वरची लव स्वच्छ. पहिल्या रात्री डागाच्या जागेवर वर प्लास्टिक टाकून पाण्याने भरलेली पंधरा लिटरची बादली ठेवली होती, म्हणजे पंधरा किलो वजन, सकाळी खालची चादर ओली झालेली, ती बदलली, मग बादली आणि प्लास्टिक काढून फॅन लावला. ज्यांचं कार्पेट भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेलं आहे त्यांना उलटं करता येणार नाही, त्यांनी वरूनच कोरड्या पांढऱ्या टॉवेलांची जाड घडी, त्यावर प्लास्टिक, त्यावर वजन, रात्रभर, सकाळी नवीन टॉवेल. चढणारं पाणी लवेच्या टोकाला न थांबता टॉवेलात जायला हवं, एवढंच साधायचं.

पावसाळ्यात खिडक्या उघडून वाळवू असा विचार करू नका, बाहेरची हवा आतल्यापेक्षा ओली. त्यापेक्षा खोली बंद करून एसी ड्राय मोडवर लावा, सासूसासऱ्यांच्या खोलीत एसी आहे, दोन रात्री त्यांना हॉलमध्ये झोपवलं, त्याबद्दल मला अजून ऐकावं लागतं. एक ते दोन दिवसांच्या वर ओलं राहिलं तर बुरशीचा वास धरतो, आणि तो बसला की डागाचं परवडलं म्हणायची वेळ येते. वाळलंय असं वरून हात लावून ठरवू नका, तागाकडून हात लावा, गार लागलं म्हणजे ओलं आहे. ऑक्टोबरची उन्हं पडली की अर्धा दिवस बाहेर टाकायला हरकत नाही, पण आठवडाभर उन्हात विसरायचं नाही, रंग उडतो आणि धागाही उन्हाने ठिसूळ होतो.

मीठ. रेड वाइन सांडली की मीठ टाका हे आमच्या शेजारच्या आंटीपासून सगळे सांगतात, नाताळात त्यांच्याकडे पोर्ट वाइन सांडली तेव्हा त्यांनी अर्धी पिशवी ओतली. ताजं असताना मीठ थोडं ओढतं हे खरं, टिश्यू पेपरही ओढतो. पण मीठ तळात राहिलं की ते हवेतला ओलावा ओढत बसतं, आपल्याकडे बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ते बघा की, तसंच कार्पेटच्या आत होतं. त्यांची ती जागा पुढच्या पावसाळ्यात कायम दमट लागायची. व्हाइट वाइन ओता, सोडा वॉटर ओता, हे सगळं पाण्याएवढंच काम करतं, पाणी स्वस्त आहे. आणखी एक सल्ला खालच्या मजल्यावरच्या काकांचा, फेणी लावा म्हणाले, अल्कोहोलने कुठलाही डाग सुटतो. अल्कोहोलने काही रंग सुटतात हे खोटं नाही, पण फेणीचा वास कार्पेटमधून जायला आठवडा लागला आणि येणारा प्रत्येक माणूस यजमानांकडे वेगळ्या नजरेने बघत होता.

बाकी पेयांचं थोडक्यात. सोलकढी सांडली तर ती नुसती कोकम नाही, नारळाचं दूधही आहे, म्हणजे तेल. आधी लिक्विडच्या पातळ पाण्याने तेल काढायचं, ते लिक्विड साधं घ्या, सोडा नको, मग व्हिनेगर, मग साधं पाणी, आणि गरम पाणी अजिबात नाही, दुधाळ काहीही गरम पाण्याने घट्ट बसतं. दुधाच्या चहाचं तेच. चहाचा डाग टॅनिनचा, त्याला साबणाची वडी लावली तर आणखी बसतो, लिक्विड चालतं. आणि गावाकडच्या विहिरीचं पाणी वापरत असाल तर एकदा बादलीचा तळ बघा, आमच्या माहेरी बादलीला तांबूस थर बसतो, म्हणजे पाण्यात लोह. लोह आणि चहाचं टॅनिन एकत्र आलं की काळं होतं, जुन्या काळी शाई अशीच करायचे. तिथे फिल्टरचं पाणी घ्या. हळदीचं दूध सांडलं तर सोडा किंवा साबण लागला की पिवळ्याचा लाल होतो, तो साधारण साध्या पाण्याने परत पिवळा होतो, घाबरायचं नाही, आणि उरलेलं पिवळं ऊन खातं, दोनतीन दुपारी बास.

मार्च ते मे हा वेगळाच विषय, हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या रसाच्या पहिल्या धारेच्या दारूचा. हुर्राक पाण्यासारखा स्वच्छ असतो म्हणून सगळ्यांना वाटतं त्याचा डाग पडत नाही, पडतच नाही, पण तो पितात लिंबाच्या गोड थंड पेयात मीठ आणि हिरवी मिरची घालून, तेव्हा साखर तळात जाते आणि पंधरा दिवसांनी तिथे काळा गोल तयार. याला रंगाचे उपाय करत बसू नका, नुसतं कोमट पाणी एक वाटी आत एक वाटी बाहेर, साखर पाण्यात जाते. नीरो मात्र वेगळा. काजूच्या बोंडूचा ताजा रस सांडला तेव्हा काहीच दिसत नाही आणि दुसऱ्या दिवशी तपकिरी, भाटात, म्हणजे काजूच्या बागेत, काम करणाऱ्यांच्या कपड्यांवरचे डाग ज्यांनी पाहिलेत त्यांना मी काय सांगायचं. तो दिसायच्या आत धुवा, सांडला की लगेच, दिसायची वाट बघितली तर बहुतेक जन्माचा सोबती.

एवढं करूनही फिकट सावली राहिली तर शेवटचं हत्यार हायड्रोजन पेरॉक्साइड. केमिस्टकडे २० व्हॉल्यूम लिहिलेली बाटली मिळते, ती साधारण ६ टक्क्यांची, तेवढंच पाणी घालून निम्मी करायची. सोफ्याखाली जातो त्या कोपऱ्यात आधी करून बघा, एक तास थांबा, कार्पेटचा स्वतःचा रंग उडत नाही ना बघा, मग डागाच्या जागेवर कापसाने लावा, एक तास, मग साधं पाणी आणि टिपणं. मी दोनदा लावलं. व्हिनेगर आधी लावलं असेल तर ते पूर्ण धुवून काढल्याशिवाय लावायचं नाही. आणि टॉयलेटचं ब्लीच घेऊन कोणी बसू नका, त्यात व्हिनेगर मिसळलं की क्लोरीन गॅस होतो, पावसात बंद केलेल्या खोलीत हा खेळ नको.

लोकरीच्या गालिच्याला यातलं अर्धं चालणार नाही. भदोही मिर्झापूरकडचे हाताने विणलेले गालिचे बऱ्याच घरांत आहेत, कळंगुटला काश्मिरी दुकानांतून घेतलेलेही आहेत. लोकरीला ब्लीच म्हणजे ती विरघळतेच, सोडा नको, एन्झाइमवाली कपड्यांची पावडर नको कारण ती दुधाचे डाग जशी खाते तशी लोकरही खाते, गरम पाणी नको, घासणं नको, ती जमून घट्ट होते. थंड पाणी, थोडं पांढरं व्हिनेगर, टिपणं. गडद लाल निळा रंग असेल तर आधी मागून ओला पांढरा कपडा दाबून बघा, गालिच्याचाच रंग उतरत असला तर तिथेच थांबा आणि जाणत्याकडे द्या.

बाहेरून माणूस बोलावलाच तर आता मी तीन गोष्टी विचारते, शॅम्पू मारल्यावर साध्या पाण्याने धुवून ओढून घेणार का, तुमच्या मशीनला ओढायचा पंप किती जोराचा आहे, आणि जाताना किती ओलं ठेवून जाणार. नुसता फेस मारून ब्रश फिरवून जाणारा असेल तर चहा पाजून परत पाठवा. कार्पेटच्या मागे रबरासारखा लेटेक्सचा थर असेल तर तेही सांगा, तो फार भिजला की काही वर्षांनी पिठासारखा गळतो.

आमचं कार्पेट उलटं वाळवून वर्ष होत आलं. मार्चमध्ये घामट हवा सुरू झाली तेव्हा मी रोज सकाळी जाऊन त्या जागेवर हात फिरवायचे, डाग आला नाही, मुंग्याही नाहीत. तागावरची जांभळी कडा आहे तशी आहे. यंदा चवथीला सासूबाईंनी सरबताचा ट्रे स्वतः नेला आणि पुतण्याला फक्त करंज्यांची ताटली दिली. सोफ्याकडे चहाचा एक जुना डाग आहे, दिल्लीहून आलेला, कोणी साबणाची वडी घासून पक्का केलेला. त्याच्यावर पेरॉक्साइड दोनदा लावून बघितलं, जरा फिकट झाला आणि थांबला. तिथे आता टीपॉय आहे.